संध्याकाळचे पाच ते सात

मैत्रिणींनो, आज एका आकड्यापासूनच सुरुवात करते. १३६ विरुद्ध ४६. हा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल नव्हे, की तुमसरच्या बाजारातला धानाचा भाव नव्हे. २०२१ साली जॉर्डन देशातल्या अम्मान शहरात महिलांची आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धा झाली. तिच्यात जपानच्या मुलींनी आपल्या भारताच्या मुलींना या फरकाने हरवलं. म्हणजे तब्बल नव्वद गुणांनी! दक्षिण कोरियाने हरवलं ते १०७-६९ असं. आठ संघांच्या त्या स्पर्धेत आपण आठवे आलो आणि वरच्या गटातून खालच्या गटात घसरलो.

कोणी हळहळलं का? कुठे चर्चा झाली का? मला तरी आठवत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या आंधळगावातही फटाके फुटले. ज्या बायांना ओव्हर म्हणजे काय हे माहीत नाही, त्याही मोबाइलमध्ये डोकावून पाहत होत्या. आनंदच आहे त्याचा. जिंकणाऱ्याच्या दारात मांडव असतोच. पण हरणाऱ्या पोरींकडेही एकदा बघावं, त्या का हरल्या ते विचारावं, असं मला वाटतं. कारण त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं तर ते अम्मानमध्ये सापडत नाही. ते आपल्या घराच्या अंगणात सापडतं.

आधी ही स्पर्धा काय आहे ते थोडक्यात सांगते. आशिया खंडातल्या देशांच्या महिला संघांची ही अजिंक्यपद स्पर्धा १९६५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात सुरू झाली. सुरुवातीची कितीतरी वर्षं कोरिया आणि चीन यांचंच तिथे राज्य होतं. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही तिच्यात आले आणि तिचं नाव आशिया चषक झालं. दोन गट असतात, 'अ' आणि 'ब'. 'अ' म्हणजे वरचे, 'ब' म्हणजे खालचे. 'ब' मध्ये जो पहिला येतो तो वर चढतो, 'अ' मध्ये जो शेवटचा तो खाली उतरतो. सापशिडीच म्हणा ना!

या सापशिडीत २०१७ साली आपण शिडी चढलो होतो. जुलै महिना, बंगळुरूचं कंठीरवा इनडोअर स्टेडियम. 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात समोर कझाकस्तानचा संघ. भारताने तो सामना ७५-७३ असा जिंकला. अवघ्या दोन गुणांनी. त्या महिन्यात आपल्याकडे रोवणी असते. आमच्या मोहाडी तालुक्यातल्या बाया पहाटे भाकरी बांधून निघतात, दिवसभर चिखलात कंबर मोडून वाकतात आणि संध्याकाळी पाठ धरून घरी येतात. त्याच दिवसांत तिकडे बंगळुरूमध्ये बारा भारतीय मुली नाचत होत्या आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती.

त्या संघात होती चेन्नईची अनिता पॉलदुराई. तिची गोष्ट मी बचत गटाच्या बैठकीत मुद्दाम सांगते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या संघाची कर्णधार झाली. अठरा वर्षं देशासाठी खेळली. मधल्या काळात लग्न झालं, मूल झालं. आपल्याकडे इथे गोष्ट संपते. मूल झालं की बाईचं वय एकदम दहा वर्षांनी वाढतं आणि पायात चप्पल सोडून काही घालायचं नसतं असा अलिखित नियम आहे. ही बाई मात्र बाळंतपणानंतर पुन्हा बूट बांधून उतरली, आणि बंगळुरूचा तो विजय मिळवला तेव्हा ती एका लेकराची आई होती. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

हे सांगितलं की आमच्या गटातली एक काकू हमखास विचारते, "तवा तिचं लेकरू कोन पाहे?" बैठकीत हशा पिकतो. पण मला तर हा सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. खरंच, कोण बघत होतं? कोणीतरी बघत होतंच की. घरातलं कोणीतरी संध्याकाळी मुलाला घेऊन बसलं, म्हणून ती मैदानावर जाऊ शकली. आणि तिला दक्षिण रेल्वेत नोकरी होती. खेळ हा तिच्यासाठी पोटाचाही विषय होता. आपल्या देशात महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं का वरचढ राहिला, याचं गुपित हेच आहे. तिथे पगार आहे, म्हणून पंचविशीनंतरही बाई खेळू शकते. बाकीच्यांचा खेळ कॉलेज सुटलं की सुटतो.

आपल्या महाराष्ट्रातली शिरीन लिमये ही पुण्याची. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार आपली ही मराठी मुलगी होती. त्या संघाने इंडोनेशियाला आणि मंगोलियाला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. यातली मजा अशी की त्याआधीच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, बँकॉकला आशिया चषकाच्या 'ब' गटात पहिला येऊन वर चढला होता तो इंडोनेशियाच! म्हणजे आपण अगदीच काही टाकाऊ नाही. 'ब' च्या डोक्यावर आणि 'अ' च्या पायाशी, अशा उंबरठ्यावर उभे आहोत. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईची कथा आपल्याला कोणी वेगळी सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, पुणे कुठे, चेन्नई कुठे आणि आपलं आंधळगाव कुठे! मोठ्या शहरातल्या, उंचनिंच, दूध-अंडी खाऊन वाढलेल्या मुलींची ही कामं. आपल्या पोरी बुटक्या, अंगात रक्त नाही, त्या कुठे बास्केटबॉल खेळणार?

रक्ताचं म्हणाल तर ते खरं आहे आणि त्यावर मी एक वेगळा लेख लिहीन. दहावीतल्या मुलीला दुपारच्या आधी चक्कर येते, हे मी स्वतः पाहते. पण उंचीचं मात्र मला पटत नाही. ज्या जपानने आपल्याला नव्वद गुणांनी हरवलं, त्या जपानच्या मुली काही ताडमाड नव्हेत. त्यांची रुई माचिदा नावाची खेळाडू आहे. उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट चार इंच. आमच्या कोष्ट्यांच्या घरात मागावर बसणाऱ्या दोन-चार पोरी तर तिच्यापेक्षा उंच निघतील. ही माचिदा २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खेळली आणि तिने सहकाऱ्यांना अठरा वेळा असा चेंडू दिला की त्यांनी त्यावर गुण मिळवले. तो ऑलिंपिकमधला विक्रम झाला. जपानला त्या वर्षी रौप्यपदक मिळालं. आशिया चषक तर २०१३ पासून २०२१ पर्यंत त्यांनी लागोपाठ पाच वेळा जिंकला.

त्यांनी काय केलं? त्यांनी आपली उंची कमी आहे हे आधी मान्य केलं. रिंग जमिनीपासून दहा फूट उंच असते, ती काही कोणासाठी खाली येत नाही. मग जवळ जाऊन उंच मुलींच्या जंगलात उडी मारण्यापेक्षा लांबून, पावणेसात मीटरच्या रेषेबाहेरून चेंडू टाकायचा. तिथून पडला की तीन गुण. आणि पळायचं, सतत पळायचं, समोरचीला दम खायला सवडच द्यायची नाही. चीनकडे २०२५ च्या आशिया चषकात झांग झीयू नावाची अठरा वर्षांची मुलगी होती, उंची सव्वासात फुटांच्या आसपास! तिने नुसता हात वर केला तरी तो रिंगला टेकतो. स्पर्धाही चीनच्याच शेनझेन शहरात. तरी उपांत्य सामन्यात जपानने चीनला हरवलं. (अंतिम सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाने जपानला ८८-७९ असं हरवून पहिल्यांदाच चषक नेला, तेही सांगायला हवं. नाहीतर म्हणाल, बाई जपानचीच आरती ओवाळते.)

तर उंचीचा मुद्दा सोडा. लांबून नेम धरून चेंडू टाकणं ही सवयीची गोष्ट आहे. रोज दोनशे वेळा, तीनशे वेळा टाकला की हाताला ती सवय लागते. तांदूळ पाखडताना सूप कसं उडवायचं हे आपल्याला कुठे कोणी पुस्तकातून शिकवलं होतं? करून करून आलं. पण करून करून यायला रोजचा वेळ लागतो. आणि खरी अडचण तिथेच आहे.

शाळा सुटते पाचच्या सुमारास. खेळायची वेळ संध्याकाळी पाच ते सात. आता डोळे मिटून आपापल्या गावातली संध्याकाळी पाच ते सात ही वेळ आठवा. मैदानावर कोण असतं? पोरं. काही खेळतात, काही नुसतीच मोटारसायकली लावून बसलेली असतात. मुली कुठे असतात? कोणी झाडलोट करते, कोणी नळाला पाणी आलं म्हणून गुंड भरते, कोणी धाकट्या भावाला सांभाळते, कोणी चुलीत जाळ घालते. आई रोवणीहून किंवा निंदणाहून थकून येणार, तोवर घरात चहा झाला पाहिजे. मी हे दोष म्हणून सांगत नाही. आई तरी काय करेल? तिला दुसरे हात नाहीत. पण नीट पाहिलं तर संध्याकाळचे ते दोन तास घरातल्या मुलाचे असतात आणि मुलीचे नसतात. वर्षाला तीनशे दिवस धरले तर सहाशे तास होतात. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षं धरली तर छत्तीसशे तास! जपानच्या आणि आपल्या गुणफलकातला नव्वदचा फरक याच तासांतून तयार होतो, असं माझं मत आहे. शहरातल्या आपल्या काही मुलींना ते तास मिळतात, म्हणून शिरीनसारखी एखादी निघते. खेड्यातून निघतच नाही, आणि देश तर खेड्यांचाच आहे म्हणतात.

मी काही वर्षांपासून शाळांमधून मुलींच्या आरोग्याचं काम करते. एका शाळेत (नाव सांगत नाही) सिमेंटचं छान मैदान आहे. दोन्ही बाजूला खांब आहेत, एका खांबाला रिंगही आहे. पण दिवाळीच्या आगेमागे त्या मैदानावर धान वाळत घालतात आणि उरलेल्या वेळी तिथे गाड्या उभ्या असतात. मी विचारलं, "मुली खेळत नाहीत का?" तर उत्तर मिळालं, "मुली कुठे बास्केटबॉल खेळतात, मॅडम? त्यांची लंगडी, लिंबू-चमचा घेतो ना आम्ही छब्बीस जानेवारीला." लिंबू-चमचा! नववीतल्या मुलीला! म्हणजे चेंडू नेमाने फेकायच्या वयात आपण तिला शिकवतो काय, तर तोंडात चमचा धरून हळूहळू, लिंबू न पाडता चाल. संसाराची पूर्वतयारीच म्हणा.

बायांचा खेळ आणि लोकांचा संकोच ही गोष्ट तशी फार जुनी आहे, आणि फक्त आपल्याकडचीच नाही. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. थंडीत मुलांना बाहेर खेळता येत नव्हतं, म्हणून त्याने सभागृहात दोन बाजूंना फळांच्या टोपल्या टांगल्या. टोपली म्हणजे बास्केट, म्हणून हे नाव. लगेच पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या एका शिक्षिकेने तो आपल्या कॉलेजातल्या मुलींना शिकवला. १८९३ मध्ये तिथल्या मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं. मुली दमू नयेत, अंगाला अंग लागू नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीचा जो भाग, तिने तिथून बाहेर जायचं नाही असा नियम केला. स्वयंपाकघर, माजघर, अंगण! म्हणजे अमेरिकेतही सव्वाशे वर्षांपूर्वी मुलगी पळाली तर लोकांच्या पोटात दुखतच होतं. आपल्याकडे अजून दुखतं, एवढाच फरक.

कपड्यांचंही तसंच. आमच्याकडे मुलीला खेळायला पाठवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "हाफ पॅन्ट घालावी लागन का जी?" या प्रश्नाची थट्टा करू नये. तो घरातल्या इज्जतीचा प्रश्न असतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कतार देशाच्या मुली डोक्याला रुमाल बांधून आल्या. नियमात ते बसत नव्हतं, म्हणून त्यांना खेळू दिलं नाही आणि त्या सामना न खेळताच परतल्या. त्याच वर्षी आपल्या पुरुष संघातल्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवायला लावली होती. जगभर आरडाओरड झाली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. आता डोकं झाकून खेळता येतं. मला यातून कळतं ते असं, की मुलगी आणि मैदान यांच्यामध्ये कपडा आडवा येत असेल तर मुलीला घरी बसवण्यापेक्षा नियम बदलणं सोपं असतं. गावातल्या सरावाला तर कसलाच नियम नाही. ट्रॅक पॅन्ट घाला, सलवार घाला, ओढणी कंबरेला बांधा. मात्र पायात बूट हवेत. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी शाळेत पाणी आणि दार लागणारं संडास हवं. बऱ्याच मुलींचा खेळ अर्ध्या पॅन्टमुळे सुटत नाही, या न लागणाऱ्या दारामुळे सुटतो.

आणखी एक भीती म्हणजे लग्नाची. "उड्या मारून मारून उंच झाली तर नवरा कुठला आणू?" असं एका आईने मला खरंच विचारलं. उड्या मारून कोणी फुटाफुटाने वाढत नाही, उंची ही आईबापाकडून येते, हे मी तिला समजावलं. पण मनात म्हटलं, पोरीची उंची आजच्या हिशेबाने न मोजता उद्याच्या जावयाच्या हिशेबाने मोजणारे आपणच एकटे असू. रंग उजळ हवा, उंची बेताची हवी, शिक्षण मुलापेक्षा एक इयत्ता कमी हवं. पोरीला सगळीकडून कातरायचं! आणि नंतर म्हणायचं, आमच्या गावात काही टॅलेंट नाही.

आता तुम्हाला आपल्या शेजारचीच एक गोष्ट सांगते. आपण डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जातो ना, तुमसर रोडहून गाडीत बसून? तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि मग डोंगरगड. आपण तिथे उतरतो, हजार पायऱ्या चढतो आणि परत येतो. गाडी मात्र पुढे जाते. पुढे राजनांदगाव, मग दुर्ग आणि भिलाई. भिलाईमध्ये पोलाद कारखान्यातले राजेश पटेल नावाचे प्रशिक्षक होते. छत्तीसगडच्या गरीब घरांतल्या, अगदी आदिवासी पाड्यांवरच्या मुली त्यांनी हेरून आणल्या. त्यांच्या राहण्या-खाण्याची, शाळेची काळजी घेतली आणि भिलाईच्या मैदानावर त्यांना बास्केटबॉल शिकवला. छत्तीसगडच्या मुलींच्या संघांनी राष्ट्रीय स्पर्धांमध्ये पदकांची रांग लावली. सीमा सिंग, अंजू लाकडा, भारती नेताम अशा कितीतरी जणी तिथून भारताच्या संघात गेल्या. किती जणींना रेल्वेत नोकऱ्या लागल्या. पटेल सर २०१८ मध्ये गेले, पण त्यांच्या मुली अजून खेळत आहेत आणि खेळवतही आहेत. राजनांदगावलाही भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे बास्केटबॉल शिकवतात.

विचार करा, नेताम हे आडनाव आपल्या भागाला काय परकं आहे? तीच माती, तोच धान, तीच भाजी आणि तेच अंगात कमी रक्त! गाडीसुद्धा तीच. आणखी तीन-चार स्टेशनं पुढे गेलो असतो तर आपल्याला दिसलं असतं की खेड्यातल्या पोरीच्या हातात चेंडू दिला तर काय होतं. फरक पडला तो एका माणसाने पोरींच्या संध्याकाळची जबाबदारी घेतली म्हणून. राहायला जागा दिली, म्हणजे शेवटची एसटी चुकण्याची भीती गेली. जेवण दिलं, म्हणजे चुलीपाशी बसायची गरज गेली. बाकी खेळ त्या पोरींनी स्वतः शिकून घेतला.

पश्चिमेकडे बघितलं तर आपलं नागपूर आहेच. नागपूरच्या सिया देवधरने भारताची जर्सी घातली आहे. पण नागपूरच्या मुलीचा क्लास घरापासून दहा मिनिटांवर असतो आणि सोडायला बाबांची स्कूटर असते. आपल्या मुलीला ते जमणार नाही. आपल्याला भिलाईची वाट जास्त जवळची आहे, असं मला वाटतं.

या विषयावर बोलताना बरेच जण लगेच नोकरीचा फायदा सांगतात. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात वगैरे. ते खरं आहे आणि माहीत असायला हवं. पण फक्त तेवढं सांगून आईबापांना राजी करू नये, या मताची मी आहे. कारण शंभर मुली खेळल्या तर नोकरी एखादीला लागेल. मग उरलेल्या नव्व्याण्णव जणींचं खेळणं फुकट गेलं का? मी पाहिलं आहे, खेळणारी मुलगी एसटीत धक्का मारणाऱ्याला मागे वळून विचारते. ती मोठ्याने हाक मारू शकते. बास्केटबॉलमध्ये तर हाक मारल्याशिवाय चेंडूच मिळत नाही! "इकडे दे" असं ओरडून सांगावं लागतं. आपल्या घरात मुलीने "इकडे दे" असं शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवतं का? पोळी उरली तर खाईन, असंच ती शिकते. शिवाय हरायला शिकते. नव्वद गुणांनी हरूनही दुसऱ्या दिवशी बूट बांधून पुन्हा उतरायचं असतं, हे अम्मानला त्या मुलींनी केलंच ना? त्यांची लाज वाटते म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लाज वाटायची तर घरी बसून चहा मागणाऱ्यांना वाटावी.

आता कामाचं बोलू. बास्केटबॉल हा खरं म्हणजे खेड्याला परवडणारा खेळ आहे. पूर्ण मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद लागतं, पण शिकायला अर्धं मैदान आणि एक रिंग पुरते. बारा-पंधरा मुलींत दोन-तीन चेंडू पुरतात. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, तो पुरुषांच्या सात नंबरपेक्षा लहान आणि हलका. दुकानदार बिनधास्त सात नंबरचा देतो, तेव्हा नंबर पाहून घ्या. गटाच्या पैशातून आणायचा तर हे माहीत असलेलं बरं.

क्रीडांगणासाठी शासनाची अनुदान योजना आहे, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तिची माहिती मिळते. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? कायद्यातच आहे ते. आपण तिथे जातो, सही करतो, चहा पितो आणि घरी येतो. या खेपेला सही करण्याआधी दोन ओळी लिहून घ्या. एक, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात या वेळात आठवड्यातले निदान तीन दिवस फक्त मुली खेळतील. दोन, मैदानावर आणि मैदान ते वस्ती या रस्त्यावर दिवा लागेल. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. सरपंच ताई असो की दादा, या दोन ओळींना नाही म्हणायला त्यांना कठीण जाईल.

मी हे आमच्याकडे मांडलं तेव्हा एका वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, "बाई, मंग धान कुठी वारवाचा?" प्रश्न बरोबर होता. मळणी झाल्यावर धान वाळवायला जागा हवीच, ते आपलं वर्षाचं पोट आहे. त्यावर गटातल्या बायांनीच तोड काढली. धानाचे ते तीन-चार आठवडे मैदान धानाचं, बाकीचं वर्ष मुलींचं. आणि गाड्या कायमच्या बाहेर. अजून ठराव झालेला नाही. मोटारसायकलवाल्यांची कुरकुर चालू आहे. त्यातले दोघे-तिघे ज्यांच्या बहिणी खेळायला येणार आहेत, त्यांनी मात्र रिंगची जाळी आणून द्यायचं कबूल केलंय.

राहिला चुलीपाशी चहा कोण ठेवणार हा प्रश्न. त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली, आवाजही चढले. मग लेकरू कोण पाहे असं विचारणारी तीच काकू म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार माह्या घरी नातू चहा ठेवन. त्याले साखर किती टाकाची ते मी शिकवतो." नातू बारावीत आहे. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.